गव्हर्नरचं नाव, कड्यावरचं झाड

डिसेंबरात तिची पानं गळायला लागली तेव्हा मी घाबरलो. ऑगस्टमध्ये आमच्या सोसायटीतल्या सरांनी ती मला दिली होती. वर्तमानपत्रात गुंडाळलेली करंगळीएवढी एक मांसल काडी, तिच्या टोकाला चार हिरवी पानं. सर वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. गच्चीवर त्यांच्या दीडशे-दोनशे कुंड्या आहेत. "फ्रेरिया आहे ही. जप," एवढंच म्हणाले. मी जपली. पानं पिवळी पडून गळायला लागल्यावर तर जास्तच जपली. सकाळी ऑफिसला निघताना पाणी आणि रात्री आल्यावर पुन्हा थोडं पाणी. दोन आठवड्यांत काडी बुडापासून मऊ झाली, काळी पडली आणि हात लावताच मोडली.

सरांना सांगायला गेलो. त्यांनी कुंडीतली माती बोटाने उकरली आणि म्हणाले, "अरे, ती मेली नव्हती. झोपली होती. तू मारलीस."

मी सॉफ्टवेअरवाला. काही बिघडलं की लॉग उघडायचे, कुठे चुकलं ते शोधायचं, ही सवय. त्या रात्री मोबाइलवर फ्रेरिया शोधायला लागलो ते झाड का मेलं हे कळावं म्हणून. त्याचं उत्तर पाच मिनिटांत सापडलं. पण त्या शोधात मी जिथे जाऊन पोचलो ती गोष्ट दीडशे वर्षांहून जुनी निघाली. तिच्यात मुंबईची तटबंदी आहे, पुण्यातलं इंजिनियरिंग कॉलेज आहे, साताऱ्याची खालसा झालेली गादी आहे आणि आफ्रिकेतलं एक युद्धही आहे.

आधी झाडाची ओळख करून देतो. फ्रेरिया इंडिका ही फक्त आपल्या सह्याद्रीत, महाराष्ट्रातच नैसर्गिकरीत्या उगवते. कड्यांच्या फटीत, पुरेशी माती नाही अशा ठिकाणी ती लोंबत किंवा पसरत वाढते. कूळ रुईचं. बोटाएवढी जाड, राखाडी-हिरवी खोडं. पावसाळ्यात त्यांवर पानं येतात, आणि पावसाळा सरताना चांदणीसारखी, साधारण दोन सेंटिमीटरची, गडद तांबड्या रंगाची फुलं. त्यांवर पिवळसर ठिपके असतात. फूल देखणं, पण नाक जवळ न्यावं तर किंचित कुजका वास. तो आपल्यासाठी नसतोच. तो माश्यांसाठी असतो. रुईच्या कुळात परागकण सुटे नसतात, मेणचट गाठोड्यांत बांधलेले असतात. फुलावर आलेल्या माशीच्या अंगाला हे गाठोडं चिकटतं आणि ती ते दुसऱ्या फुलावर नेते. मग शिंगांसारख्या जोडशेंगा धरतात, त्या तडकतात आणि आतल्या बिया रेशमी झुपक्यांवर तरंगत निघतात. लहानपणी रुईच्या ज्या 'म्हाताऱ्या' आपण फुंकायचो, तशाच.

तिच्या जवळच्या नात्यातली, पानं नसलेली झाडं गावाकडे 'माकडशिंग' किंवा 'माकुडी' म्हणून माहीत असतात. त्यांची कोवळी खोडं लोक खातात. फ्रेरियाला मराठीत 'शिंदळ माकुडी' म्हणतात. म्हणजे डोंगरात वावरणाऱ्या कुणीतरी हे झाड माकुडीच्या घरातलं आहे हे ओळखलं होतं, आणि ते तिच्याहून वेगळं आहे हेही. वर्गीकरण म्हणजे तरी दुसरं काय असतं? पण ते करणाऱ्याचं नाव कुठे नोंदलेलं नाही. नोंदलं गेलं ते दुसऱ्याच माणसाचं.

निकोल डॅल्झेल हा एडिंबराचा स्कॉटिश माणूस १८४१ मध्ये मुंबईत आला तो जकात खात्यात नोकरीला. पुढे वनखात्यात गेला आणि मुंबई इलाख्याचा वनसंरक्षक झाला. १८६१ मध्ये त्याने अलेक्झांडर गिब्सनबरोबर 'द बॉम्बे फ्लोरा' हे इलाख्यातल्या वनस्पतींचं पुस्तक काढलं. त्यानंतर तीन-चार वर्षांनी लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात त्याने या झाडाचं वर्णन छापलं. त्याच्यासाठी नवीकोरी प्रजाती उभी केली आणि तिला नाव दिलं फ्रेरिया. सर बार्टल फ्रिअर तेव्हा मुंबईचा गव्हर्नर होता.

ज्यांनी हे नाव ऐकलेलं नाही त्यांनीही या माणसाने बदललेली शहरं पाहिलेली आहेत. फ्रिअर १८६२ ते १८६७ गव्हर्नर होता. तिकडे अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं, तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. शहरात पैसा वाहत होता आणि जुना कोट त्याला अपुरा पडत होता. फ्रिअरच्या कारकिर्दीत मुंबईच्या किल्ल्याची तटबंदी पाडायला घेतली. मुंबईकर आजही ज्याला 'फोर्ट' म्हणतात तो असा बिनभिंतींचा किल्ला झाला. पूर्वी जिथे चर्चगेटचा दरवाजा होता त्या भागात एक कारंजं उभं राहिलं. त्याला फ्रिअरचं नाव द्यायचं ठरलं होतं, पण ऐनवेळी फुलांच्या रोमन देवतेचं दिलं, असं सांगतात. तेच फ्लोरा फाउंटन, आजच्या हुतात्मा चौकातलं. म्हणजे कारंज्यावरून गव्हर्नरचं नाव निघालं आणि तिथे फुलांची देवता आली. त्याच सुमारास एका फुलझाडाला मात्र गव्हर्नरचं नाव चिकटलं.

पुण्यातही तो आहेच. डेक्कन कॉलेजच्या इमारतीची कोनशिला १८६४ मध्ये त्याने बसवली आणि पुढच्याच वर्षी शिवाजीनगरच्या इंजिनियरिंग कॉलेजच्या मुख्य इमारतीची. मी तिथे शिकलो नाही, तेवढे मार्क नव्हते. पण बारावीच्या वर्षी त्या दगडी इमारतीसमोरून बसने जाताना दर वेळी मान वळायची. तिच्या पायातल्या दगडाचा आणि माझ्या खिडकीत कुजलेल्या काडीचा संबंध एकाच माणसाशी असेल, असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर हसलो असतो.

मला सगळ्यात थांबवलं ते त्याच्या साताऱ्यातल्या वर्षांनी. १८४७ मध्ये फ्रिअर साताऱ्याच्या दरबारात रेसिडेंट म्हणून आला. पुढच्याच वर्षी छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब वारले. मृत्यूपूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. फ्रिअरचं मत होतं की दत्तक मान्य करावा, राज्य खालसा करू नये. डलहौसीने ते ऐकलं नाही आणि राज्य खालसा केलं. मग त्याच खालसा मुलखाचा कमिशनर म्हणून फ्रिअरने कारभारही केला. आपलं मत नोंदवायचं, ते फेटाळलं गेलं की हुकूम बजावायचा. ऑफिसात हे रोज पाहणाऱ्या माझ्यासारख्याला तो माणूस एकदम ओळखीचा वाटला. आणि त्यामुळेच थोडी भीतीही वाटली.

कारण पुढे हुकूम देणारा तोच झाला. १८७७ मध्ये त्याला दक्षिण आफ्रिकेत हाय कमिशनर म्हणून पाठवलं. डिसेंबर १८७८ मध्ये त्याने झुलू राजा सेत्श्वायो याच्यापुढे अशा अटी ठेवल्या की त्या मान्य करणं म्हणजे राज्यच सोडून देणं. जानेवारी १८७९ मध्ये ब्रिटिश फौज झुलूलँडमध्ये घुसली आणि २२ जानेवारीला इसांडलवाना इथे तिचा दारुण पराभव झाला. शेवटी युद्ध ब्रिटिशांनी जिंकलं. झुलू राज्य मोडलं. फ्रिअरला १८८० मध्ये परत बोलावलं आणि १८८४ मध्ये तो इंग्लंडमध्ये वारला. योगायोग असा की फ्रेरिया ज्या स्टॅपेलिया गटातली आहे, त्या गटातल्या सर्वांत जास्त जाती दक्षिण आफ्रिकेतच आहेत. माणूस सह्याद्रीतून आफ्रिकेत गेला. त्याच्या नावाचं झाड मात्र आफ्रिकेत भाऊबंद असूनही सह्याद्रीचा कडा सोडून कुठे गेलं नाही.

आता प्रश्न असा की हे झाड इतकं खास काय? स्टॅपेलिया गटातल्या झाडांनी दुष्काळाशी लढताना पानं जवळपास टाकूनच दिली. उरली ती जाड, हिरवी खोडं. फ्रेरियाला मात्र पावसाळ्यात चांगली नीट पानं येतात. १९७७ मध्ये लांगे आणि झुबर या दोन संशोधकांनी याची तपासणी केली आणि निष्कर्ष गमतीदार निघाला. फ्रेरियाची पानं बहुतेक साध्या झाडांसारखी चालतात, म्हणजे दिवसा रंध्रं उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात. तिचं खोड निवडुंगासारखं चालतं. दिवसा रंध्रं बंद ठेवतं, रात्री उघडतं, रात्री घेतलेला वायू आम्लाच्या रूपात साठवतं आणि दुसऱ्या दिवशीच्या उन्हात वापरतं. म्हणून पाणी कमी उडतं. एकाच झाडात दोन यंत्रणा. पाणी मुबलक असेल तेव्हा पानं लावून वेगाने वाढायचं, पाणी संपलं की पानं गाळून खोडाच्या काटकसरीवर तगून राहायचं.

डिसेंबरात माझ्या खिडकीत हेच चाललं होतं. ती दुसऱ्या यंत्रणेवर जात होती. मी तिला बिघाड समजलो आणि पाणी घालत राहिलो.

नावाची गोष्ट इथे संपत नाही. १९५८ मध्ये ब्रिटिश अभ्यासक गॉर्डन रोली याने फ्रेरिया ही स्वतंत्र प्रजाती न मानता तिला कॅरालुमा या मोठ्या प्रजातीत घातलं. तिथे 'इंडिका' हे नाव आधीच दुसऱ्या एका झाडाला दिलेलं होतं. एकाच फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फाइल ठेवता येत नाहीत, वनस्पतिशास्त्रातही नाही. म्हणून नवं नाव झालं कॅरालुमा फ्रेराय. पुढे २००२ मध्ये मेव्हे आणि लीडे यांनी ती बूसेरोसिया या प्रजातीत हलवली. आता अनेक ठिकाणी तिचं नाव बूसेरोसिया फ्रेराय असं लागतं, तर आपल्याकडचे पुष्कळ अभ्यासक अजून फ्रेरिया इंडिकाच लिहितात. नीट बघा. नाव दोनदा बदललं. त्यात गव्हर्नर टिकला. गळलं ते 'इंडिका'.

हे वाचलं तेव्हा माझी तिडीक गेली. अलीकडे शिवनेरीवर सापडते म्हणून तिला 'शिवसुमन' म्हणायला लागले आहेत, ते नाव मी लगेच कुंडीवर मार्करने लिहिलं. सर पाहून हसले. "लिही. पण तिला कोण राखतं ते बघ आधी. नाव कुणी दिलं ते नंतर."

मग मी ते बघितलं. फ्रेरिया जिथे नोंदली गेली आहे त्या प्रसिद्ध जागांची नावं वाचा: शिवनेरी, पुरंदरजवळचा वज्रगड, सज्जनगड. शाळेच्या सहलीची यादी वाटावी. झाड गडावर सापडतं यात भक्तीचा भाग नाही, त्याचं कारण दगडात आहे. गड कुठे बांधायचा? जिथे उभा कडा आहे आणि वर चढायला वाट नाही, तिथे. झाडाला काय हवं? जिथे शेळी पोचत नाही, वणवा पोचत नाही आणि नांगर तर नाहीच नाही, अशी फट. दोघांनी एकच कडा निवडला, आपापल्या कारणासाठी. १६६५ मध्ये दिलेरखानाने तोफा लावून वज्रगड घेतला. १८१८ नंतर इंग्रजांनी कितीतरी गडांचे दरवाजे आणि वाटा सुरुंग लावून उडवल्या. माणसाचा किल्ला पडला, पण कडा राहिला आणि फटीही राहिल्या. मुंबईची तटबंदी पाडणाऱ्या माणसाचं नाव मिळालेलं झाड जगलं ते मराठ्यांच्या गडांच्या कड्यांवर.

पण कडा सगळ्यापासून वाचवत नाही. वणवे लागतात, दरडी कोसळतात, रस्ते होतात, झाडं उपटून नेणारे दोर लावून उतरतात. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने एके काळी जगातल्या सर्वाधिक धोक्यात आलेल्या निवडक १२ वनस्पतींत तिची गणना केली होती. नंतर शोध घेणाऱ्यांना आणखी काही जागा सापडल्या, काडीपासून आणि ऊतिसंवर्धनाने रोपं तयार झाली, काही पुन्हा डोंगरावर लावली गेली. चित्र थोडं सुधारलं. जुलै २०२५ मध्ये शिवनेरीसह मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, तेव्हा आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर भगव्या झेंड्यांचा पाऊस पडला. मीही एक टाकला. आनंद खराच होता. पण त्या रात्री वाटलं, आता कड्यापाशी आणखी मोबाइल येतील.

कुणी म्हणेल, काडीपासून इतकी सहज येते तर काळजी कसली? घरोघरी लावू. मलाही हेच सुचलं होतं. आमच्या धंद्यात बॅकअप असला की माणूस शांत झोपतो. सरांना हे सांगितलं तर त्यांनी एकेक करत सहा कुंड्या माझ्यासमोर ओळीत मांडल्या. सगळ्यांत फ्रेरिया.

"किती झाडं आहेत?"

"सहा."

"एक. सगळ्या काड्या एकाच झाडाच्या. ही हुबेहूब प्रत आहे. सहा केल्या काय आणि सहा हजार केल्या काय, एका रोगाने एकदम जातील. कड्यावर शंभरच असली तरी ती शंभर वेगळी असतात. त्यांच्या माश्या असतात, त्यांच्या बिया वाऱ्यावर जातात. कुंडीत मी फक्त झाड ठेवलंय. त्याची सोयरीक कुठे ठेवलीय?"

मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचत नाही. कुंडीतली फ्रेरिया खोटी आहे असं मला वाटत नाही. ज्याने एक वर्ष तिची झोप आणि जाग पाहिली, तो कड्यावरची उपटून विकत घेणार नाही, एवढा तिचा उपयोग आहेच. पण ती कड्याची जागा घेऊ शकत नाही. बॅकअपवरून माहिती परत आणता येते. जो कडा फोडून रस्ता झाला तो परत आणता येत नाही.

लावायचीच असेल तर जे मला मोडून शिकावं लागलं ते सांगतो. रोप किंवा काडी लागवडीतल्या झाडाचीच घ्या, विकणाऱ्याला कुठून आणली ते विचारा. काडी कापल्यावर चार-पाच दिवस सावलीत कोरडी पडू द्या, कापलेला भाग सुकला पाहिजे. कुंडी उथळ घ्या, तिला खाली भोकं हवीत. नुसती काळी माती घालू नका, पाणी धरून ठेवते. बारीक खडी, मुरूम, विटांचा चुरा आणि थोडं कुजलेलं शेणखत पुरे. सकाळचं ऊन द्या. पावसाळ्यात पानं असताना माती सुकली की पाणी. पानं गळायला लागली की हात आवरा. हिवाळ्यात-उन्हाळ्यात खोड फारच सुरकुतलं तर महिन्यातून एखादा घोट. बाकी काही नाही. तिच्याकडे बघत बसणं हेच त्या सहा महिन्यांतलं काम, आणि आमच्या पिढीला तेच सगळ्यात अवघड जातं.

सरांनी दुसरी काडी दिली ती पुढच्या जूनमध्ये, तीही हातावर न ठेवता कुंडीवर ठेवून. ती लागली. डिसेंबरात पानं गळाली तेव्हा मी झारी कपाटात ठेवून दिली. जानेवारीत, फेब्रुवारीत ती नुसती राखाडी बोटं होती. आईचा फोन आला की ती विचारायची, "ते तुझं वाळकं काय म्हणतंय?"

त्या ऑक्टोबरात शिवनेरीला गेलो. शिवाई देवीचं दर्शन घेतलं, जन्मस्थानाशी गर्दी होती, पोरं घोषणा देत होती. मी तटावरून खाली बघत राहिलो. दूर एका फटीत काहीतरी तांबूस दिसलं. तीच होती का, मोबाइल झूम करूनही नक्की कळेना. शेजारच्या मुलाने विचारलं, "दादा, काय दिसतंय?" मी म्हणालो, "कडा बघतोय." खोटं बोललो नाही. पण बोटही दाखवलं नाही. फोटो काढला होता तो परत येताना बसमध्ये पुसून टाकला. फोटोबरोबर जागेचा पत्ताही साठतो, हे मला माझ्या कामामुळे चांगलं माहीत आहे.

घरी आलो तर कुंडीतलं पहिलं फूल उमललेलं. खिडकी उघडी राहिली होती. फुलावर एक साधी माशी बसली होती, आमच्या सोसायटीच्या कचऱ्याच्या डब्यावरून आलेली असणार. तिच्या पायाला गाठोडं चिकटलंही असेल. न्यायला मात्र जवळपास दुसरं झाड नव्हतं. मी कुंडीवरचं मार्करचं नाव पाहिलं. वर्षभराच्या उन्हापावसात 'शिव' पुसट झालं होतं, 'सुमन' वाचता येत होतं. पुन्हा गिरवलं नाही. सरांना फोन केला आणि विचारलं, "सर, वेगळ्या झाडाची काडी कुणाकडे मिळेल?"